रागाने पाग उघडत नाही

गव्हाणचे तात्या कुत्रे पकडायला पाग वापरत. पाग म्हणजे खाडीत मासळीसाठी गोल फेकायचे जाळे. कुत्र्यांना इजा होऊ नये म्हणून त्यांनी कडेच्या शिशाच्या गोळ्या काढून जाड दोर ओवला होता. त्यांच्या हातून सुटलेला पाग हवेतच परातीसारखा उघडे.

मी नुकतीच पशुवैद्यक झाले होते. गावातल्या प्रत्येक भटक्या कुत्र्याला रेबीजची लस टोचणे, ही माझी पहिली मोहीम. गल्लीवार नकाशा तयार होता. कुत्रे तेवढे हाती लागत नव्हते. तात्यांनी नकाशा निरखला. "बाय, यात कुत्रे कुठं हायत?"

प्रत्येक फेकीआधी ते क्षणभर थांबत. "रागानं टाकला तर पाग उघडत नाय."

शेवटी एकच उरली, पिल्ले असलेली तांबडी कुत्री. ती तात्यांच्या हाताला चावली. त्यांना आधी लस न देता कामाला लावले, ही माझी चूक. मी त्यांचा हात पंधरा मिनिटे नळाखाली साबणाने धुतला. शेजारीण जखमेत भरायला मिरचीपूड घेऊन आली, तेव्हा तात्या शांतपणे म्हणाले, "ती कालवनात टाक." दवाखान्यात त्यांना लस आणि जखमेत रेबीजविरोधी सीरम लगेच मिळाले.

परतलो तर चौघे काठ्या घेऊन कुत्रीकडे निघालेले. दहा दिवस ती जिवंत आणि धडधाकट राहिली, तर चावली तेव्हा तिच्या लाळेत रेबीज नव्हता, हे कळणार होते. मारली तर काहीच कळणार नव्हते. माझा युक्तिवाद कुणी ऐकेना. तात्या पिल्लांसमोर जाऊन बसले. "चावली मला. राग तुमाला कशाला?"

काठ्या खाली आल्या.

तात्या रोज तिला मासळीची मुंडकी घालत आणि मला फोनवर एकच शब्द सांगत, "जेवली." अकराव्या सकाळी त्यांनी पाग टाकला. मी लस टोचली, खूण म्हणून तिच्या कपाळावर हिरवा ठिपका लावला. गावात न टोचलेले एकही कुत्रे उरले नाही. स्वतःचे सगळे डोस पूर्ण केल्यावर तात्या चारचौघांत तांबडीकडे बोट करून दंड दाखवत म्हणाले, "आता आमी दोघं पन टोचलेली."

माझी बदली झाली तेव्हा त्यांनी पाग माझ्या हाती दिला. दोन वर्षे तो माझ्याकडून ओल्या टॉवेलसारखा पडत राहिला. गेल्या महिन्यात उलव्यात, अर्धवट इमारतीमागे, गुरगुरणाऱ्या कुत्र्यासमोर मी क्षणभर थांबले आणि मग टाकला. तो पूर्ण गोल उघडला.

लस टोचून लगेच गव्हाणला फोन लावला. तात्या आता नाहीत. त्यांच्या लेकीने उचलला.

मी एवढेच म्हणाले, "उघडला."