पलीकडचा गाडीवाला

बी.एस्सी. होऊन मी पांढरकवड्याला घरी आलो, त्या वर्षी गणपतीत मंडळाला बाहेरची नाटकमंडळी मिळाली नाही. मी म्हटलं, आपणच नाटक करू, रोज संध्याकाळी एक भाग. अमरावतीला कॉलेजात असताना मासिकात एक कल्पना वाचली होती. आपल्या जगाला लागूनच तशीच दुसरी जगं असतात. गावं तीच, माणसं तीच, फरक थोडासाच.

माझा नायक हैदराबाद रोडवरचा ट्रकवाला होता. त्याचं काम माझा शाळेतला दोस्त करायचा. त्याचं मोटार दुरुस्तीचं गॅरेज मांडवाला लागूनच होतं. तिथं आलेला एक ट्रक आम्ही प्रेक्षकांकडे तोंड करून उभा केला. दोस्त हॉर्न वाजवून दिवे लावायचा, लोकांचे डोळे दिपायचे, तेवढ्यात आम्ही पडदा बदलायचो, की ट्रकवाला दुसऱ्या जगात. एका पांढरकवड्यात पोरं मास्तरांची हजेरी घेत. दुसऱ्यात बैल गाडीत बसत आणि मालक ओढत.

त्याच दिवसांत मला मुंबईला सरकारी नोकरी लागल्याचं कळलं. विसर्जनानंतर निघायचं होतं. कापसाच्या जिनात हमाली करून मला शिकवणारे बाबा भेटेल त्याला सांगत सुटले. आईच्या लेखी मात्र राजधानी अजून नागपूरच होती, आणि मुंबईला गेलेलं कोणी परत आलेलं तिने पाहिलं नव्हतं.

आई रोज पुढे पोतं टाकून नाटकाला बसायची. चौथ्या दिवशी ट्रकवाला पलीकडच्या घरी भाकर आणि अंबाडीची भाजी खात होता. आई उभी राहिली.

"थांबा रे. तिथला जो गाडीवाला हाये, तो कुठी गेला?"

मी पडद्याआडून म्हटलं, "तो आपल्याकडे आला असेल."

"मंग त्याले कोन जेवू घालून राह्यलं?"

मांडव हसला. पण मागून दुसऱ्या बाया बोलल्या, "खरंच त हाये! उपाशी ठेवता का त्याले?"

दुसऱ्या दिवशी त्याला जेवू घातल्याशिवाय बाया नाटक पुढे जाऊ देईनात. रंगमंचाचे दोन भाग केले. दोस्त टोपी घालून इकडे जेवायचा, टोपी काढून तिकडे. "अरे यार," तो मला म्हणाला, "दोनों तरफ मीच खाऊन राह्यलो, पेट फुटन माह्यं!"

शेवट मी आधीच ठरवला होता. ट्रकवाल्याला सगळ्यात चांगलं जग सापडतं आणि तो तिथंच राहतो. विसर्जनाच्या आदल्या दिवशी आईने भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता विचारलं, "गाडीवाला वापस येते का नाही?"

"त्याला तिथं बरं आहे ना, आई."

"हो. ज्याले त्याले तिथंच बरं वाटते."

तव्यावरची भाकर करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. ती कोणाबद्दल विचारत होती ते मला तेव्हा समजलं.

संध्याकाळी हॉर्न वाजला, दिवे लागले, आणि ट्रकवाला आपल्या दारात उतरला. बायकोने पाय धुवायला पाणी दिलं. म्हणाली, "तुमच्यासारखाच एक पाहुणा आलता. जेवला, सरपण फोडून गेला." तो म्हणाला, "मलेही तिथं उपाशी नाही ठेवलं."

खेळ संपल्यावर दोस्ताने आईला विचारलं, "क्यों चाची, अब खुश?"

"खुश नाही त काय! दोघंही जेवले." मग ती माझ्याकडे वळली. "जाय मुंबईले. तिथंही कोनाची माय असनच. दिवाळीले ये."

छातीवरचा धोंडा उतरला. त्या रात्री घरात सगळे गाढ झोपले.

दिवाळीला आलो, तर माझ्या जागेवर बसून एक अनोळखी तरुण जेवत होता. गावच्या शाळेत नवा आलेला, कोकणातला मास्तर. मला पाहून तो ओशाळून उठू लागला.

"बसा जी मास्तर," आई त्याला म्हणाली, आणि मला पाट देत हसली. "हा तिकडचा."