धुतलेला फ्रॉक

"हिच्या अंगावरचा हा फ्रॉक दे मला," वैनी मायला म्हणाल्या. "शाळेत वेशभूषा स्पर्धा आहे. आमची पिंकी भिकारीण होणार आहे. बदल्यात हिला पिंकीचा पिवळा देते."

माय त्यांच्या ओट्याखाली बसून पाट्याला टाकी लावत होती. पाटा गुळगुळीत झाला की त्याच्यावर मसाला वाटला जात नाही. छिन्नीनं बारीक खाचा पाडाव्या लागतात. ते आमचं काम. मी शेजारी बसून दगडाचा भुगा फुंकत होते. माझ्या फ्रॉकची एक बाही लोंबत होती. वैनींनी ती दोन बोटांनी उचलून पाहिली, बाजारात भेंडी पाहतात तशी.

"देते की," माय म्हणाली. "उद्या आणते."

आम्ही स्टेशन रोडला एका गोदामाच्या भिंतीला लागून राहायचो. घराला भिंत एकच, तीही गोदामाची. बाकीच्या तीन आम्ही मनानं बांधल्या होत्या. पण त्या घराला एक नाट्यगृह होतं बरं का. संध्याकाळी चुली पेटल्या की रस्त्यावरचा दिवा लागायचा, आणि त्याच्याखाली मी नकला करायचे. शेजारी कंगवे-पिना विकणारी खाला पथारी टाकायची. ती विचारायची, "छोरी, आज किसकी बारी?" मग मी ज्या घरी टाकी लावली त्या घरची माणसं काढायचे. पोट धरून हसायचे लोक. मी नऊ-दहा वर्षांची, आणि माझ्याइतकी मोठी नटी औरंगाबादेत दुसरी नाही, याबद्दल मला शंका नव्हती.

त्या संध्याकाळी प्रयोग झाला नाही. मायनं फ्रॉक साबणानं घासून घासून धुतला. वाळेपर्यंत मला तिच्या लुगड्यात गुंडाळून ठेवलं. मग बाही शिवली, खिसा शिवला, खालाकडून एक बटण मागून घेतलं.

"मळका कपडा कुणाला देत्यात का?" म्हणाली. "काय म्हनंल ती बाई."

बाई काय म्हणाली ते ऐका. "अगं, धुतलास कशाला? सगळं बिघडवलंस."

वैनींनी कात्री आणली. बाही उसवली. खिसा उसवला. खालाचं बटण तोडून अंगणात टाकलं. मग कुंडीतली ओली माती घेतली आणि फ्रॉकवर फासली, अगदी मन लावून, जसं काही मुलीला हळद लावत होत्या. माय बघत उभी होती. हातातली हातोडी तिनं पदराखाली घेतली. का, ते तेव्हा मला कळलं नाही.

"आता पिंकीला दाखव गं, कसं मागतात ते," वैनी मला म्हणाल्या.

आता गंमत बघा. मला भीक मागता येत नव्हती. आमच्यात कुणीच कधी मागितली नव्हती. पण समोर बाई, पिंकी, तिचा भाऊ, भांडीवाली. एवढे प्रेक्षक असताना नटी नाही म्हणेल का? मी भिकारीण तिथल्या तिथं बनवली. एक पाय दुसऱ्यावर ठेवला, तो खाम नदीतल्या बगळ्याचा. आवाज घेतला खालाच्या आजारी बकरीचा. आणि मान? टाकीचा भाव पाडताना वैनी मान वाकडी करायच्या आणि डोळे बारीक करायच्या. "जरा बघ ना गं, आपल्यातलं घर आहे." ती मान मी जशीच्या तशी उचलली.

"किती हुबेहूब," वैनी म्हणाल्या.

स्पर्धेच्या दिवशी पिंकीचे केस पिंजारायला आणि माती फासायला मला शाळेत नेलं. मी पडद्यामागं उभी, अंगात पिवळा फ्रॉक. पिंकी रंगमंचावर गेली. माझा पाय. माझा आवाज. माझी मान. आणि सभागृह फुटेल अशा टाळ्या.

माझ्या पोटात जे पेटलं त्याला हेवा हा शब्द फार गुळमुळीत आहे. मला तिचं घर नको होतं. तिची सायकल नको होती, पिवळा फ्रॉक तर अंगाला चावत होता. मला त्या टाळ्या हव्या होत्या. मी बनवलेलं बाळ तिच्या कडेवर होतं आणि सगळे तिला म्हणत होते, काय छान बाळ.

पहिला नंबर. ढाल. ती घ्यायला पिंकी पडद्यामागं येऊन फाटका उतरवून चांगला फ्रॉक घालत होती. शाळेच्या मोठ्या बाईंना एक कल्पना सुचली. वैनी धावत मागं आल्या.

"चल, तो फाटका घाल आणि पिंकीशेजारी उभी राहा. खरी भिकारीण आणि खोटी, असा फोटो काढायचाय."

"नाय घालत," मी म्हणाले.

"का गं? नवा दिला ना तुला?"

"भिकारीण मी नाय, वैनी. मला मागाय येत नाय. ती मान तुमची हाय."

त्यांना आधी समजलं नाही. मग समजलं. माझा कान पिरगाळला गेला तेव्हा त्यांचे डोळे तसेच बारीक झालेले होते, भाव पाडतानाचे. फाटका फ्रॉक मी पिंकीच्या पायाशी पडलेला उचलला आणि चालत भिंतीपाशी आले.

मायनं मला बदडलं. त्या गल्लीतलं काम गेलं, ते परत कधी मिळालं नाही. मग दिवा लागला. खालानं भीतभीत विचारलं, "छोरी, आज किसकी बारी?"

मी उठणार, तर मायच उठली. आयुष्यात नक्कल न केलेली माझी माय. त्या दिवशी पदराखाली घेतलेली हातोडी तिनं कात्रीसारखी धरली, मान वाकडी केली, डोळे बारीक केले. "अगं, धुतलास कशाला?"

भिंत हसली. माय हसली नाही. तिनं पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्यानं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा कुणीच हसत नव्हतं.

आता मी पन्नाशीला टेकले. भाड्याची खोली आहे, पण संध्याकाळी त्याच भिंतीपाशी असते. तिथं झोपणाऱ्या बायाबापड्यांना घेऊन नाटकं बसवते. परवा नाटकवाली पोरं आली, गोड बोलली. "आक्का, फुटपाथवरच्या लोकांवर नाटक करतोय. तुमच्याकडचे खरे कपडे मिळतील का? आणि कसं बसतात, कसं मागतात, जरा दाखवाल?"

पोटात तेच पेटलं. विझू देत नाही मी ते.

"कपडे मिळणार नाहीत," म्हटलं. "पाय, आवाज, मान, काहीच मिळणार नाही. आमचं आम्हीच करणार. धुऊन, शिवून, अंगात घालून. तुम्ही समोर बसा आणि बघा, त्यात तुम्ही कुठं कुठं आहात ते."