पळसाच्या पानाला पुसलेला अंगठा

माझं अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. तेव्हा लिहिण्यातल्या चुका पोटात घाला. दुसरी एक चूक सांगायला बसले आहे, ती पोटात घाला असं म्हणणार नाही. ती मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही — नवऱ्याला नाही, लेकीला नाही.

चारचौघांत माझं तोंड उघडत नाही. दुकानात गेले तरी मागं उभी राहते, वाणी स्वतः विचारील तेव्हा बोलते. गावात म्हणतात, हिच्याकडून मुंगीसुद्धा दुखावायची नाही. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण न बोलणारी बाई खोटं बोलत नाही, असं कुठं असतं?

बुधीचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. बुधी म्हणजे आमच्या कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला जी आदिवासी ठाकरांची वाडी आहे, तिथली. माझ्याच वयाची. वाडीतल्या बायका पळसाची पानं आणून बांबूच्या काड्यांनी पत्रावळी टाचायच्या आणि बाजारातल्या दलालाला विकायच्या. दलाल शेकड्यामागं दहा पत्रावळी वर फुकट घ्यायचा — फाटक्या निघतील म्हणून. फाटक्या निघोत न निघोत, दहा वर. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललेलं.

बुधीनं ते मोडलं. बाराजणींना तिच्या अंगणात बसवलं, एका मापाच्या पत्रावळी टाचायला लावल्या, आणि दलालाकडं न जाता थेट माथेरानच्या हॉटेलांत चढून गेली. मी सोबत होते, कारण तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. किती दिल्या, कुणाला दिल्या, तेवढं मी वहीत टिपायची. एका हॉटेलवाल्यानं दहा वर मागितल्या, तेव्हा ती हसून म्हणाली, "शेट, फाटकी निघाली तर बदलून देन. वर नाय देयाची. तुमी गिऱ्हाइकाला भातावर भात फुकट देता काय?" हॉटेलवालासुद्धा हसला. त्या दिवसापासून वरच्या दहा बंद झाल्या.

हे सगळं तिचं. माझी फक्त वही.

मग व्यापारी मंडळाच्या कानावर गेलं. कर्जतच्या बाजारात बायकांना एक गाळा द्यायचा, आणि उभारणीला तीनशे रुपये — जिनं बायका एकत्र आणल्या तिच्या नावानं. आम्ही दोघी गेलो. मी आत बाकावर बसले. बुधी बाहेर पायरीवर, पत्रावळींचा भारा घेऊन. तिला आत ये असं कुणी म्हटलं नाही. मी म्हटलं का? नाही.

कारकुनानं कागद माझ्या हातात दिला, शाईचा पॅड टेबलावर ठेवला आणि तो चहाला गेला. तेवढ्यात बुधी आत आली, तिनं कौतुकानं पॅडवर अंगठा दाबला आणि निळा अंगठा वर धरून विचारलं, "वैनी, कुठं लावू? काय लिवलंय गं?"

कागदावर लिहिलं होतं — प्रमुखाची सही किंवा अंगठा.

मी वाचलं. दोनदा वाचलं. आणि म्हटलं, "अंगठा चालत नाही गं. सही येणारीच प्रमुख लागते."

का म्हटलं? मला कधी कुणी पुढं केलं नव्हतं म्हणून? ठाकरीण माझ्यावर प्रमुख, हे गावात कळेल म्हणून? दोन्ही खरं. ते वाक्य बोलताना माझा आवाज जराही कापला नाही, हेही खरं.

 काखेतल्या भाऱ्यातलं एक पान ओढून बुधीनं अंगठा पुसला. "मंग तू कर," म्हणाली, आणि पायरीवर जाऊन बसली.

गाळ्यावर माझ्या नावाची पाटी लागली. समारंभात मला नारळ आणि लुगडं मिळालं. बुधी मागं बायकांत बसून टाळ्या वाजवत होती. तीनशे रुपये मी घरी नेले, घरावर कौलं घातली. बायकांना म्हटलं, मंडळानं पैसे दिलेच नाहीत.

पण याहून वाईट पुढंच आहे. बुधी बोलेनाशी झाली. गिऱ्हाईक आलं की माझ्याकडं बघायची — "वैनीला इचारा, ती परमुख हाय." आणि मला तर बोलता येत नाही. त्याच हॉटेलवाल्यानं पुन्हा दहा वर मागितल्या, आणि मी मान हलवली. बुधीनं माझ्याकडं पाहिलं, वाकली, आणि दर शेकड्यावर दहा पत्रावळी मोजून ठेवल्या. अकरा वर्षं ठेवत आली.

मी कोंबड्या पाळल्या, अंडी विकली, पैसे जमवले. तीनशे झाले. शेकड्यामागं दहा वर धरून तीनशे तीस केले. आता उद्या वाडीवर जायचं. पाय मागं घेऊ नये म्हणून आधी हे कागदावर लिहिलं.

*

वरचं लिहून तीन दिवस झाले. मी गेले. बुधी अंगणात पानं निवडत होती. उभ्याउभ्याच सांगितलं, बसले असते तर सांगितलं नसतं.

तिनं एकच विचारलं. "मंजे त्या दिशी माजा अंगठा चालला असता?"

"हो."

ती बराच वेळ आपल्या अंगठ्याकडं बघत राहिली. मी पैशाची पुरचुंडी पुढं केली, तिनं हात लावला नाही. "ते मागनं. आदी मंडळात चल. माज्या कानात बोललीस तसं नाय, मोठ्यानं बोल."

दुसऱ्या दिवशी बोलले. चार व्यापारी समोर, पण शेवटपर्यंत बोलले. पाटी खोटी आहे, पैसे मी खाल्ले, प्रमुख ही आहे. एकजण म्हणाला, "अहो बाई, आता जाऊ द्या की." मी म्हटलं, नाही, पॅड द्या. बुधी आत उभी होती. तिनं अंगठा दाबला आणि कागदावर ठेवला. या वेळी पुसला नाही.

बाहेर पायरीवर तिनं माझ्याकडची पुरचुंडी घेऊन सोडली. पत्रावळी मोजते तशा पाच-पाच करत दहाच्या नोटा मोजल्या. बाराजणींना पंचवीस-पंचवीस होतील, म्हणाली. मग वरच्या तीन नोटा काढून माझ्या हातात परत ठेवल्या.

"वर नाय घेयाचं. ते मी बंद केलंय."

तीनशे पुरे फिटले.