पंचनाम्यातली अकरावी घोडी

त्या दुपारची घटना आजही जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की हातातला घास खाली ठेवावासा वाटतो. तेव्हा मी सोलापूरच्या वेशीवरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ऐन उन्हाळ्यात, दोनच्या सुमाराला रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा फोन आला.

“सायेब, ताडपत्री बांधलेला ट्रक चाक बदलायला थांबलाय. आतनं लाथा बसाय लागल्यात. कायतरी जित्तं हाय बगा.”

ट्रक ठाण्याच्या आवारात आणला. पंच म्हणून पंक्चरवाल्यालाही बोलावले. वाहतुकीच्या दाखल्यावर सहा घोडे होते, आत अकरा निघाले. वरातींसाठी दक्षिणेकडे चालले होते. तोंडे इतकी आखूड बांधलेली की मान खाली करता येईना. पाण्याचे पिंप काठोकाठ भरलेले होते आणि झाकणावर धुळीचा थर होता.

“मागं खडीचा ढीग हाय की,” पंक्चरवाला म्हणाला. “त्याला ट्रक लावा, एकेक उतरतील.”

मी म्हणालो, “आधी पंचनामा.”

यामागे कारण होते. पूर्वी एका प्रकरणात जनावरे आधी उतरवली आणि आकड्याचा मेळ न बसल्याने आरोपी सुटला होता. ती चूक पुन्हा करायची नव्हती. दोन वाजून वीस मिनिटांनी लिहिले: एकूण अकरा, सर्व जिवंत. मग फोटो, जागेचे माप, प्रत्येक दोरीची लांबी.

अधूनमधून चालकाची चौकशी चालली होती. माणूस माळशिरसकडचा, चाळिशीचा. “आज सकाळी बार्शीतनं भरल्यात, सायेब,” हे त्याने तीनदा सांगितले. मी त्याचा मोबाईल मागितला. टोलचे मेसेज ओळीने होते. पहिला टोल आदल्या दिवशी सकाळी सातचा, तोही पार उत्तरेकडच्या जिल्ह्यातला. एकतीस तास.

“तुला ठेवू का एकतीस घंटे उभा, बिनपाण्याचा?” आमचे हवालदार म्हणाले.

“पाणी पाजलं की मुतत्यात, दादा. फळी वली हुती, घोडं घसरतंय. गाडीत पडलेलं घोडं परत उटत न्हाय. आमी समदे असंच नेताव. मारायला न्हाय, जगवायला.”

तो खोटे बोलत नव्हता. मला तेच जड गेले. वर्षानुवर्षांची समजूत होती ती, आणि अकरा जीव तिच्यापायी कोरडे पडले होते.

साडेचारला पंचनाम्यावर सह्या झाल्या. त्याच सुमारास पशुवैद्यक आले. ते ट्रकवर चढले आणि मागून तिसऱ्या, तांबड्या घोडीपाशी थांबले. तिचे गुडघे दुमडले होते. पण दोरी आखूड, दोन्ही बाजूंना घोडे दाटलेले, त्यामुळे मान वरच राहिली होती. खालून पाहणाऱ्याला ती उभीच दिसत होती.

“गेली,” ते म्हणाले. “तासभर झाला असेल. ट्रक आला कधी?”

मी वेळ सांगितली. चालक मधेच बोलला. आवाजात उद्धटपणा नव्हता.

“सायेब, माज्या गाडीत मेली खरं, पण तुमच्या दारात मेली की.”

ट्रक खडीच्या ढिगाला लावला. उरलेले दहा घोडे अर्ध्या तासात उतरले. ते पाणी किती वेळ पीत होते, ते मी मोजले नाही.

त्यानंतर माझ्या हाताखाली जे जे आले, त्या सगळ्यांना मी एक गोष्ट सांगितली: मुद्देमालाला श्वास असेल तर फोटो काढा, आकडा लिहा, लगेच खाली उतरवा आणि पाणी द्या. उरलेले लिखाण नंतर. कागद थांबतो.

खटला टिकला. चालकाला आणि घोड्यांच्या मालकाला शिक्षा झाली, घोडीचा मृत्यूही त्यांच्याच माथी आला. माझ्या साक्षीच्या वेळी बचावाच्या वकिलांनी दाखल्याबद्दल, टोलबद्दल, दोरीबद्दल तासभर विचारले. माझा पंचनामा त्यांच्या हातात होता. दोन वीसला घोडी जिवंत, हे त्यात माझ्याच अक्षरात होते. ‘मग साडेचारपर्यंत तुम्ही काय करत होता?’ एवढे मात्र त्यांनी विचारले नाही. त्यांनी कागद मिटला तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.