लेखिकेसाठी बांधलेली माटोळी

मी हट्टी आहे, हे कोरगावात, माझ्या माहेरी, शेंबडं पोरसुद्धा सांगेल. लग्न होऊन डिचोलीच्या बाजूला या गावात आले तेव्हा आईने सासऱ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, "तिच्या डोक्यात काय शिरला तर काढूक जाव नका. आपणच निघता." बहुतेक वेळा निघायचंही. तीन वर्षांपूर्वीच्या गणेशचवथीला मात्र निघालं नाही.

माझी एक आवडती लेखिका होती. शाळेत असताना वाचनालयातून तिचं पहिलं पुस्तक आणलं आणि परत करवेना म्हणून हरवलं असं चक्क खोटं सांगितलं. रानात फिरून लाकूडफाटा, फळं, कंद गोळा करणाऱ्या बायकांबद्दल ती लिहायची. त्या बायका भांडखोर, चहाडखोर, वेळ पडली तर चोऱ्याही करणाऱ्या, पण वाचताना वाटायचं की यातली एखादी आपल्या परसात येऊन उभी राहील. लेखिकेचं वय ऐंशीच्या पुढे. गोव्याच्या हद्दीपलीकडे सिंधुदुर्गातल्या एका गावात ती एकटी राहायची. समारंभांना जात नसे आणि भेटायला आलेल्यांना दारातूनच वाटेला लावी. मी तिला चार पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

मग मला माटोळी सुचली. आमच्याकडे चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, शेंगा, वेली बांधतात. तिला माटोळी म्हणायचं. आमच्या घरची माटोळी बघायला गावातली माणसं येतात, कारण बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कोणत्या डोंगरावर काय पिकतं ते तोंडपाठ. मी लेखिकेची सहाही पुस्तकं परत वाचली आणि त्यांत आलेल्या प्रत्येक रानफळाची यादी केली. एकेचाळीस निघाली. एकेका फळाचं चित्र काढून त्याखाली ती ओळ कुठल्या पुस्तकात, कितव्या पानावर आहे ते लिहिलं. पाचव्या पत्रात सगळी चित्रं घातली आणि कळवलं की या चवथीला तुमची सहाही पुस्तकं आमच्या घरात टांगलेली असतील, बघायला या.

आठ दिवसांत कार्ड आलं. अक्षर कापरं, मजकूर चार ओळींचा. पुढच्या महिन्यात ती भाच्याकडे दूर परराज्यात कायमची जाणार होती. त्याआधी चवथीच्या तिसऱ्या दिवशी, चार वाजता, तासभर येईन. गाडी पाठवावी.

मी ते कार्ड हातात घेऊन घरभर नाचले. माझा नवरा पूर्वी खाणीचे ट्रक चालवायचा, खाणी बंद पडल्यावर टॅक्सी घेतली. तो म्हणाला, "माटोळी देवाक की तुझ्या बाईक?" बाबा लगेच म्हणाले, "देवाक वाचूक येता." बाबांनी माझी यादी चष्मा लावून तपासली आणि दुसऱ्या दिवसापासून पायांत गमबूट घालून रानात जायला लागले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, सुनेच्या खुळापायी काट्याकुट्यांत हिंडत होता. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, उलट आज किती मिळाली म्हणून मी दारातच विचारायची.

कवंडळं, कांगलां, माट्ट्या, आंबाडे, काजरे मिळाली. काही डिचोलीच्या माटोळी बाजारात मिळाली. चाळीस झाली आणि नागलकुड्याच्या जोडफळांशी घोडं अडलं. ज्या डोंगरावर ती व्हायची तो डोंगरच खाणीने खाल्लेला. तेव्हा बाबांनी मुरगावला फोन लावला. तिथे त्यांचे चुलतभाऊ राहायचे, जन्मभर बंदरात काम केलेले. आम्ही त्यांना मुरगावचे काका म्हणायचो. लहानपणी दोघं मिळून माटोळीची फळं काढायचे आणि म्हातारपणीही काका दर चवथीला आदल्या दिवशी येऊन बाबांसोबत माटोळी बांधायचे. त्या वर्षी त्यांचे पाय गेले होते. पण अंथरुणातून त्यांनी फोनवर वाट सांगितली. बंद खाणीच्या मागे पाण्याचं तळं झालंय, त्याच्या वरच्या अंगाला बघ. बाबा गेले आणि ओंजळभर फळं घेऊन आले. एकेचाळीस पूर्ण झाली. मी काकांना फोन करून थँक्यू म्हटलं, तर ते हसून म्हणाले, "बाई कशी दिसता ती माका मागीर सांग."

चवथ झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला बाबा पूजेला बसले होते आणि त्यांचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. तो वाजला. मी उचलला. काकांची मुलगी रडत बोलत होती.

"आमचे बाबा गेले गे वहिनी. पहाटेक. दुपारी तीन वाजता न्हेवचे आसत. तुझ्या सासऱ्याक पाठव, तो येईपर्यंत आमी हलवूचे नाय."

मी हो म्हटलं. फोन ठेवला. पहिला विचार काकांचा यायला हवा होता. तो आला नाही. पहिला विचार आला तो चार वाजताचा.

भाऊबंदांत कुणी गेलं की सुतक. घरात गणपती असेल तर तो तातडीने हलवायचा, तोही आपल्या हाताने नाही, शेजाऱ्याला बोलावून. देव गेला की चवथ संपली, मग माटोळी कसली आणि पाहुणी कसली! बाबांच्या कानावर ही बातमी जाताच तासाभरात सगळं उतरणार होतं. आणि लेखिका महिन्याभरात कायमची जाणार होती.

आमच्यात म्हणतात की सुतक कानाला लागतं. ऐकलं नाही तोवर नाही. मी स्वतःलाच वकिलासारखं पढवू लागले. बाबांनी ऐकलेलं नाही, म्हणजे त्यांच्या पूजेला बाधा नाही. ऐकलंय ते मी एकटीने. मी देवाला शिवले नाही, नैवेद्याला हात लावला नाही, तर कुणाचं काय बिघडलं? पाच वाजता सांगू. मेलेला माणूस काही परत येत नाही. अशी सगळी अक्कल मला त्या पाच मिनिटांत सुचली.

पण नैवेद्याला हात न लावण्याचं कारण तर हवं. मडगावहून आलेली माझी मोठी जाऊ नारळ खवत होती. तिला मी म्हटलं की मला कावळा शिवला.

तिने खवणी थांबवली. "आता? गोळी घेतली नव्हतीस?" चवथीच्या आधी पाळी लांबवायच्या गोळ्या आम्ही दोघी दरवर्षी घेतो.

"एक चुकली."

"मग मागे जाऊन बस बाई. सोवळ्यात शिवाशिव नको."

मी मागच्या पडवीत जाऊन बसले आणि बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय करून ठेवलं. अडचण असलेली बाई गणपतीच्या खोलीत पाऊल टाकू शकत नाही. लेखिका येणार, माझी माटोळी बघणार, आणि मी तिच्याजवळ उभीही राहू शकणार नाही. स्वतःच्या हाताने स्वतःला बाहेर बसवलं होतं. आता उठून खरं सांगावं तर माटोळी उतरणार, न सांगावं तर पडवीत बसणार. मी बसले.

बाबांचा फोन मी पदराखालून घेऊन आले होते. दोन वाजता तो थरथरला. परत तीच.

"निघाले काय गे? आई विचारता."

मी आवाज बारीक करून म्हटलं, "त्यांना बरं नाही. ताप आहे. येणं जमणार नाही."

ती म्हणाली, "बरां. काळजी घे त्यांची." तिचे वडील दारात ठेवलेले, आणि ती मला काळजी घे म्हणून सांगत होती. आतून बाबांच्या आरतीच्या तबकाचा आवाज येत होता आणि ते जावेला ओरडून विचारत होते की कापूर कुठे ठेवला. तरीही मी उठले नाही.

तीन वाजले. मी घड्याळ बघत नव्हते, पण फोनवर दिसत होतं. तीन वाजून दहा. आता नेलं असेल.

चारला पाच मिनिटं असताना नवऱ्याची गाडी अंगणात आली. काठीचा आवाज, मग बाबांचा, "या, या, बाय, हळू, उंबरो उंच आसा." भिंतीला कान लावून मी सगळं ऐकत होते. बाबा एकेका फळाचं नाव सांगत होते आणि ती त्यांना थांबवून पुढचं स्वतः सांगत होती. मध्येच ती जोरात हसली. आयुष्यभर जे ऐकायची वाट बघितली ते भिंतीच्या पलीकडे चाललं होतं.

मग तिने विचारलं, "पत्रं लिहिणारी कुठाय?"

बाबा संकोचून काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, "मग मीच जाते तिच्याकडे." काठी टेकत ती घराला वळसा घालून मागे आली. ठेंगणी, जाड चष्म्याची, नऊवारीवर स्वेटर घातलेली. मी उठून उभी राहिले. नमस्काराला वाकावं तर शिवाशिव, न वाकावं तर उद्धटपणा. मी अर्धवट वाकून तशीच राहिले.

तिने विचारलं, "माझी सहा पुस्तकं वाचलीस ना तू?"

"हो."

"कितीदा?"

"मोजलं नाही."

"आणि तरी अशी मागे बसतेस?" तिचा आवाज चढला नव्हता, पण मला कानफटात बसल्यासारखं झालं. तिच्या पुस्तकांतल्या बायकांनी असली बंधनं कधीच जुमानली नव्हती. मला सांगायचं होतं की मीही नाही पाळत हो, एरवी खोटं बोलून सरळ आत जाते. पण मग आज का बसलीस, याचं उत्तर द्यावं लागलं असतं.

"रीत आहे," मी म्हटलं.

ती पायरीवर टेकली आणि मला समोर बसायला सांगितलं. मग ती बोलायला लागली. दहा मिनिटं, कदाचित पंधरा. माझ्या चित्रांबद्दल बोलली, एका पुस्तकातली बाई तिला कुठे भेटली होती ते सांगितलं, मी स्वतः काही लिहिते का असंही विचारलं असावं. हे सगळं मी अंदाजाने सांगते आहे. तिचे ओठ हलताना मला दिसत होते आणि डोक्यात एकच चाललं होतं, की आता अग्नी दिला असेल. तिच्या तोंडचं एक वाक्य मला धड आठवत नाही. मांडीवर फोन थरथरला तेव्हा मी इतकी दचकले की ती बोलायची थांबली.

"घरात काही झालंय का?"

"नाही."

"नक्की?"

"नाही हो, काही नाही."

तिने माझ्याकडे बघितलं, मग काठी उचलली. "माटोळी छान झालीय," ती म्हणाली. "तुझ्या सासऱ्यांनी जीव ओतलाय." पाच वाजता गाडी गेली.

नवरा तिला सोडायला गेला आणि जाऊ शेजारी हळदीकुंकवाला. बाबा पुढच्या सोप्यात आरामात बसले होते, खूष होते. मला दारात बघून म्हणाले, "अगे, बाई भारी हां. माकाच शिकवूक लागली."

मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगितलं. काका गेले. पहाटे. फोन आला होता.

"कितीक वाजता?"

"साडेदहाला."

"सकाळी?"

"सकाळी."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मी बाकीचंही सांगून टाकलं, तीनची वेळ, दोनचा फोन, ताप. मला वाटलं ते हात उगारतील, आणि खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. ते उठले, विहिरीवर गेले आणि डोक्यावर घागरी ओतून घेतल्या, एकामागून एक, कितीतरी वेळ. ओल्या कपड्यांनीच त्यांनी कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला हाक मारली आणि देव हलवायला सांगितलं.

शेजाऱ्याने गणपती उचलून नेला. बाबा अंगणात पायरीवर बसून होते, अंगातून पाणी निथळत होतं. मी टॉवेल पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"माका सांगूचा होता," ते म्हणाले.

"तुम्ही सगळं उतरवलं असतं, बाबा. ती परत आली नसती."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. डोळे लाल झाले होते, पण आवाज नेहमीसारखा होता, मला फळांची नावं शिकवताना असायचा तसा.

"देव हलवल्यार माटोळी म्हणजे नुसती रानातली फळां," ते म्हणाले. "तिका खंयचा सुतक? मी गेलो असतो मुरगावाक. ती तुझ्यासाठी आठ दीस टांगलेली ठेवली असती गे."