भाषा आली की नेतो

२४ एप्रिल. वर्षभराच्या मसाल्याच्या मिरच्या उन्हातून आत घेतल्या आणि देठ खुडायला बसले. हे काम मी दरवर्षी क्लासमध्येच उरकते. विट्यात माझ्या घराच्या पुढच्या खोलीत दुपारी बायकांचा इंग्रजीचा क्लास असतो. त्या वाक्यं म्हणतात, मी ऐकते आणि हात चालू ठेवते. गावची यात्रा नुकतीच झालेली, बाकीच्या घरच्या पाहुण्यांत अडकलेल्या; त्या दिवशी एकटीच आली, मागच्या गल्लीतली सून. तीही शिकायला आली नव्हती.

तिचा नवरा कोइम्बतूरला असतो. गलाईचं दुकान आहे, म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं. आमच्या भागातली निम्मी घरं याच धंद्यावर चालतात. पुरुष तिकडे, यात्रेला आठवडाभर घरी, आणि सुना सासूजवळ. कुठली सून तिकडे जाणार, ते यात्रेनंतर ठरतं. हिला लग्नात शब्द मिळाला होता, 'भाषा आली की नेतो.' कुठली भाषा, हे कुणी विचारलं नाही. आमच्याकडे भाषा शिकायची म्हणजे इंग्रजी, एवढंच सगळ्यांना ठाऊक. दिवाळी झाल्यावर सासूच तिला माझ्याकडे घेऊन आली.

भविष्यकाळात ती रमली. मी फळ्यावर लिहिलं होतं: आधी कर्ता, मग विल, मग मूळ क्रियापद. त्याला एस लावायचा नाही, इंग लावायचं नाही. मराठीत मी जाईन, तू जाशील, ती जाईल. इंग्रजीत कर्ता कुणीही असो, विल तेच.

"म्हंजे सासूलाबी विल आन मलाबी विल?" तिनं विचारलं.

"सासूला सांगू नगं," मागून एक म्हणाली. "काढून घील."

पुढच्या आठवड्यात गोइंग टू घेतलं. नुसतं मनात आलं किंवा कुणाला शब्द दिला तर विल. आधीच ठरलंय, तयारी झालीय, तर गोइंग टू. हिची सगळी वाक्यं कोइम्बतूरची. आय विल बाय मिल्क. आय विल टॉक टू द डॉक्टर. आय विल नॉट बी अफ्रेड. मार्चमध्ये तिनं डंकावर जाऊन स्वतःच्या नव्या संसारासाठी वेगळा मसाला कुटून आणला, स्टीलची बरणी भरली, आणि त्या दिवशी क्लासमध्ये म्हणाली, आय अ‍ॅम गोइंग टू लिव्ह इन कोइम्बतूर. बरणी भरली होती. वाक्य बरोबर होतं.

तर २४ तारखेला ती आली आणि दारातच सांगून मोकळी झाली. नवरा आदल्या दिवशी गेला, एकटाच. जायच्या आधी जेवताना तिनं हेच वाक्य त्याला सगळ्यांसमोर म्हणून दाखवलं होतं. तो हसला.

"तिथं इंग्रजी कोन बोलतंय? गिऱ्हाइकासंगं तमिळ, दूधवाल्यासंगं तमिळ. मला तरी कुठं येतंय इंग्रजी?"

सासू म्हणाली, मग तमिळ शिकंल की, शिकली की ने. तो म्हणाला, "बघू." आणि मिरजेला गाडी धरायला गेला.

"आणि बरणी?" मी विचारलं.

"आत्यांनी ह्यांच्या पिशवीत घातली. म्हनल्या, तिकडं जेवनाला चव न्हाई." सासूला ती आत्या म्हणते.

विट्यात तमिळ शिकवणारं कुणी नाही, हे त्यालाही माहीत आहे. तो रोज फोन करतो. दूध, भाजी, दवाखाना, एवढे शब्द फोनवरही शिकवता आले असते. सहा महिने ही माझ्याकडे येत होती, आणि त्यानं एकदाही विचारलं नव्हतं की काय शिकतेस. हे सगळं माझ्या मनात आलं. तिलाही ते कळलेलंच होतं. ती खाली बसली, मिरच्यांचं सूप आपल्याकडे ओढलं आणि खुडायला लागली.

"सकाळची पोरांची बॅच घेशील का?" मी विचारलं. "सहावी-सातवीची. पगार देईन."

"आत्या सोडतील?"

"तू घेशील का, ते विचारलं."

तिनं पुढ्यातला ढीग जवळजवळ संपवला. मग म्हणाली, "घेईन. भविष्यकाळ माझ्याकडं द्या. त्येवढाच लय पक्का झालाय." हसली नाही. मीही हसले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरच्या घेऊन मी डंकावर गेले. पुढं तिची सासूच उभी. सुनेची बरणी कोइम्बतूरला गेली आणि सून घरीच राहिली, म्हणून पुन्हा मसाला करायला आली होती.

"आवं मॅडम, या, माझ्या मागं नंबर धरा," ती म्हणाली. "सूनबाईचा क्लास आता बंद करते. कशाला उगं?"

"क्लास बंदच झाला. उद्यापासून ती माझ्याकडे शिकवायला येणार आहे. सकाळी सात ते नऊ."

तिनं पदर नाकाला लावला. मिरचीचा खकाणा उडत होता. "पोराला इचारते. मग बघू."

"विचारा की. तोवर ती येईल."

आधी तिचा मसाला कुटून झाला, मग माझा. घरी येऊन माळ्यावरची दुसरी खुर्ची खाली काढली, धुतली आणि फळ्याजवळ ठेवली.