खोडलेले सहा बिंदू

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही — आणि आता बोरिवलीच्या या घरात ऐकायला उरलंय कोण? तेव्हा वाचणाऱ्या, तूच ऐक.

वीसेक वर्षांपूर्वी मी आणि वैशाली एकाच प्रयोगशाळेत पीएचडी करत होतो. ती विक्रोळीच्या चाळीतली, घरातली पहिली पदवीधर. आम्ही तांब्याच्या ऑक्साइडचे काळे तुकडे थंड करायचो. खूप थंड केले की त्यांतून वीज विनाअडथळा धावते. पण काही तुकड्यांत त्याआधीच एक गंमत होते — विद्युतभार एकेकटे भटकायचे थांबतात, सगळे मिळून पट्ट्यापट्ट्यांनी बसतात. तेव्हा विजेच्या अडथळ्याच्या आलेखात बारीकसा उंचवटा येतो.

वैशालीला तो दिसला. धावतच आली. "अगं, भार एकत्र येतायत बघ! तुझ्या तुकड्यात येतो का गं असा?"

"छे गं," मी म्हणाले. "तुझी तार सुटली असेल."

चांदीच्या पेस्टने तुकड्याला चिकटवलेली तार ती — जोरात शिंकलं तरी सुटायची. कोणाला खोटं वाटणार? तीन महिने ती बापडी ताराच चिकटवत बसली. उंचवटा दर वेळी आला. दर वेळी तिने स्वतःलाच दोष दिला. आमचे गाइड सर वैतागले, आणि शेवटी तिने पीएचडी सोडली.

आता — खरं काय ते. माझ्याही तुकड्यात तो आला होता. तिच्या महिनाभर आधी, त्याच तापमानाला. मला तो कचरा वाटला. सहा बिंदू खोडले नि गुळगुळीत रेघ सरांना दाखवली. वैशालीने विचारलं तेव्हा कुठे मला कळलं, मी काय खोडलंय ते. हो म्हटलं असतं तर तिचं म्हणणं पक्कं झालं असतं — आणि माझी वाट लागली असती. घाबरले मी. आणि जळलेही. तिला जे दिसलं ते मला का नाही दिसलं?

पुढे मी डॉक्टर झाले. ती मुलुंडला क्लास घेते. आता मला आपणहून फोन करणारी ती एकटीच.

परवा म्हणाली, "तू होतीस म्हणून वेळेत कळलं यार, माझा हातच प्रयोगाचा नाही. नाहीतर उगाच वर्षं घालवली असती."

मी म्हणाले, "असू दे गं."